पाळकसाहेबांची उंची

मित्रांनो, मी एक जुने स्टूल आहे. सध्या प्रार्थनामंदिराच्या अडगळीच्या खोलीत राहते. शेजारी एक मोडकी छत्री आहे, पण ती फारशी मिटत नाही आणि मोकळीही होत नाही. तिच्याशी गप्पा होणार कशा? म्हणून म्हटले, तुमच्याशीच बोलावे.

मला घडवून झाल्यावर सुतार म्हणाला, "यावर हत्ती उभा राहिला तरी हलणार नाही." हत्ती आला नाही. पाळकसाहेब आले.

साहेब म्हणजे आमच्या चर्चचे धर्मगुरू, मनाने चांगले होते. उंची देताना मात्र देवाने हात आखडता घेतला होता. ते पुलपिटामागे, म्हणजे प्रवचनाच्या उंच लाकडी मेजामागे, उभे राहिले, की बाकांवरच्या मंडळीला फक्त त्यांचा भांग दिसे. देवाचे वचन एक भांग सांगतो आहे, असे वाटे. म्हणून मला कोणाच्या नकळत पुलपिटामागे ठेवण्यात आले. त्या रविवारी कोणीतरी म्हणाले, "वा! आज प्रवचनाला काय उंची होती!"

साहेबांनी ते शब्दशः घेतले. तिथेच घात झाला.

पूर्वी उपासना संपली की ते दारात उभे राहत. प्रत्येकाचा हात हातात घेऊन गुडघेदुखी, सुनेची नोकरी, सगळे विचारत. आता खाली उतरले तर उंची उतरेल! म्हणून शेवटची चप्पल वाजेनाशी होईपर्यंत ते माझ्यावरच डोळे मिटून उभे राहू लागले. लोक म्हणत, "किती तल्लीन!" एक डोळा किलकिला असे, हे मला ठाऊक होते. मग दिवे मालवले जात आणि भल्या मोठ्या खोलीत आम्ही दोघेच उरत असू. त्यांचे तळवे गार पडत. मी लाकूड. मी काय ऊब देणार?

पुढे पुढे ते गरजू लागले, "माझ्याइतका नम्र माणूस दाखवा!" कोणी हात वर केला नाही. मंडळी खरोखरच नम्र होती.

एकदा उपासनेनंतर दुसऱ्या बाकावरच्या आजी थेट पुलपिटापाशी आल्या.

"साहेब, उद्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. फार भीती वाटते हो. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करा."

साहेबांनी वरूनच हात लांबवला. पोचला नाही. आजींनी टाचा उंचावल्या. तरीही पोचला नाही.

"देवाचा हात पोचतो, आजी," साहेब म्हणाले.

"त्याचा पोचतोच. मी तुमचा मागत होते."

आजी भिंतीला हात लावत निघून गेल्या. साहेब माझ्यावर तसेच उभे.

फुलदाण्या उचलायला आलेल्या त्यांच्या पत्नीने हे सगळे पाहिले होते.

"अहो, उतरा."

"मंडळी काय म्हणेल?"

"कोणती मंडळी? घरच्या मंडळीला तुमची उंची ठाऊक आहे. वरच्या फळीवरचा डबा रोज मीच काढते." मग तिचा आवाज मऊ झाला. "लग्नात मी वाकून पाहिलं होतं तुमच्याकडे. तेव्हा कुठे लाजलात? जा. म्हातारी अजून फाटकाशीच असेल."

साहेब उतरले. झग्यात पाय अडकवत, धडपडत पळाले. उघड्या दारातून मला दिसले. आजींनी डोळे बारीक करून त्यांना वरून खालपर्यंत पाहिले.

"अगंबाई! तुम्ही एवढेच?"

"एवढाच आहे, आजी."

"बरं झालं. मला टाचा उंचवायला नकोत." आणि त्यांनी डोके पुढे केले. साहेबांचा हात पोचला. प्रार्थना मला ऐकू आली नाही. ती माझ्यासाठी नव्हतीच.

पुढच्या रविवारपासून साहेब पुलपिटाच्या पुढे उभे राहून बोलू लागले. ते नम्र झाले आणि माझी नोकरी गेली. मला आनंदच झाला, पण आनंद सांगायला जवळ कोण? छत्री.

अजूनही अधूनमधून मंडळीतला कोणी मोठा माणूस दार किलकिले करून हळूच विचारतो, "इथे एक स्टूल होतं ना?" मी श्वास रोखून धूळ पांघरते. एकटेपणा परवडतो मित्रांनो, पण ते गार तळवे नकोत.

तसे माझ्यात वाईट काही नाही. मला पुसा, वापरा. माझ्यावर बसून आजाऱ्याची विचारपूस करा. चढून बल्ब बदला. फक्त उजेड पडला, की उतरा.