तत्तिंबू

"माज्या पोरीला कच्चं लिंबू म्हनता व्हय रं? तिच्या तोंडावर?"

कोंडाजीच्या आवाजानं मारुतीच्या देवळापुढचा डोंगर-पाण्याचा खेळ जागच्या जागी थांबला. तो मळवलीच्या रेल्वे फाटकावरून तसाच भाजे गावात आला होता. काखेत गुंडाळलेली हिरवी झेंडी, कपाळावर घाम.

देवळाशेजारच्या सरुबाईची पोर बाया तेवढी पुढं झाली. "आबा, ती शिवी न्हाई. धाकल्यांना तसंच घेत्यात खेळात. शिवलं तरी बाद न्हाई. शिकंस्तवर."

"शिकवाया मी हाय."

त्यानं चिंगीचा हात धरला आणि चालू लागला. पोर रडली नाही. देऊळ दिसेनासं होईपर्यंत मान मागं वळवून बघत राहिली.

चिंगीची जीभ जड होती. क म्हणायला जावं तर त यायचा, डोंगराचा दोंगल व्हायचा, आणि तेवढंही बोलताना शब्द दातांमागं अडून बसायचा. आई तापानं गेली तेव्हापासून ती फाटकावरच्या खोपटात बापाजवळ वाढली. तिचं बोलणं साऱ्या मुलखात एका कोंडाजीला कळे. कुणी तिला नाव विचारलं तर तोच सांगे. भूक लागली हेही तोच सांगे. देवानं आपल्याला एवढी एक विद्या दिली आहे, असं त्याला वाटायचं, आणि तिचा त्याला अभिमानही होता.

"भाऊ, समदं तुमीच बोलल्यावर पोरीनं कवा बोलायचं?" असं सरुबाई पुन्हा पुन्हा म्हणाली, म्हणून त्यानं तिला देवळापुढं खेळायला सोडायला सुरुवात केली होती. तिथंच चुकलं, असं आता त्याला वाटत होतं. जेवताना बाया, झोपताना बाया. मागं एका संध्याकाळी तर पोर नवीच वेणी घालून आली. बायानं घातलेली. कोंडाजीनं ती सोडली आणि आपल्या हातानं पुन्हा घातली. वाकडी झाली, पण आपली झाली.

एकादशीला देवळात कीर्तन होतं. कोंडाजी नेहमीसारखा बुवांच्या मागं टाळ घेऊन उभा राहिला. चिंगीला त्यानं पायाशी बसवलं होतं, ती कधी सरकत सरकत बायापाशी गेली ते त्याला कळलंही नाही.

बुवांनी गोपाळकाला लावला होता. गळा असा गोड, की समईची वातसुद्धा स्थिर झाल्यासारखी वाटावी. "यशोदामाई लोण्याचा गोळा घेऊन दारात उभी! आणि हा लबाड तिकडं वाळवंटात पेंद्याच्या शिदोरीतला आंबट घास मागून खातोय. माईचं लोणी गोडच हो! पण त्याला सवंगड्याचा हात कुठं लागला होता?" मग पुढं बसलेल्या पोरांकडं वाकून त्यांनी विचारलं, "काय रे, खेळताना देवावर राज्य येत असेल का?"

एकटी चिंगी उभी राहिली आणि अडखळत काहीतरी बोलली.

बुवांनी कानाला हात लावला. कोंडाजीनं तोंड उघडलं. पण त्याच्याआधी बाया म्हणाली, "ती म्हनती, देव झाला म्हनून काय झालं? आउट झाला की राज्य घ्यायचं!"

सारं देऊळ हसलं. बुवांनी वीणा सावरून चिंगीला वाकून नमस्कार केला. लोक खूश होऊन कोंडाजीकडं बघत होते, आणि कोंडाजीचा टाळ चुकला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पोरीचं कौतुक झालं, पण तिचं बोलणं पोचवलं दुसऱ्याच कुणी. हरिकीर्तनात उभं राहून एका शेंबड्या पोरीचा मत्सर करतोय आपण, हे कळत होतं. तरी तो जात नव्हता.

दुसऱ्या दिवशी फाटक लावून तो मालगाडीची वाट बघत होता. मागं चिंगी खडीच्या ढिगावर चढली होती. गाडी धडधडत आली तशी ती ओरडली, "दोंगल ता पानी?"

एकेक डबा पुढं जात राहिला. ती प्रत्येकाला विचारत राहिली. शेवटचा डबा गेला, धूळ बसली, आणि ती हळूच ढिगावरून उतरली.

कोंडाजीनं फाटक उघडलं. सुट्टी होताच तो तिला घेऊन देवळाकडं निघाला.

पारावर बसून तो बघत राहिला. पार हा डोंगर, खालचं अंगण हे पाणी. थोड्याच वेळात बायानं आरोळी दिली, "चिंगीवर राज्य! आता ती लिंबू न्हाई!"

चिंगी अंगणात मधोमध उभी राहिली. सगळ्यांनी विचारलं, "डोंगर का पाणी?"

"दो... दो..."

शब्द अडला. कोंडाजीचे ओठ हलले. बायानं त्याच्याकडं बघून तोंडावर बोट ठेवलं. "आबा, राज्य तिचं हाय."

पोरं थांबली. कुणी हसलं नाही, कुणी घाई केली नाही.

"दोंगल!"

डोंगर तिचा झाला. पोरांनी धडाधड पारावरून अंगणात उड्या टाकल्या. पारावर उरला एकटा कोंडाजी. चिंगी धावत वर आली, तिनं त्याच्या पाठीवर थाप मारली, क्षणभर विचार केला आणि हात हलवत ओरडली, "आबा तत्तिंबू!"

"तत्तिंबू! तत्तिंबू!" सारं अंगण ओरडायला लागलं.

कोंडाजी बावरला. हा शब्द त्यानं घरात कधी ऐकला नव्हता. त्यानं खाली वाकून विचारलं, "बाया, काय म्हनली गं ती?"

"कच्चं लिंबू. आमी आता समदी तिच्यावानीच म्हनतो. तुमी बाद न्हाई, आबा. बसा."

कोंडाजीनं पाय वर घेतले आणि डोंगराच्या कडेला सरकून बसला.