प्रभारी गव्हर्नर

सिंगापूरच्या पुंगोल भागातल्या सतराव्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये रविवारचं ऊन संथ पाण्यासारखं पसरलं होतं. अंजली रामटेके गोल्ड कोस्टच्या, म्हणजे आजच्या घानाच्या, इंग्रज गव्हर्नरांची यादी तपासत होती. तांजोंग पगारमधल्या तिच्या कंपनीकडे जुन्या वसाहतींच्या राजपत्रांची सूची करण्याचं काम होतं. गटप्रमुख नोकरी सोडून गेल्या होत्या. त्यांची जागा अंजलीनं तूर्त 'ॲक्टिंग' म्हणून सांभाळावी, अशी ईमेल आली होती. उत्तर आजच द्यायचं होतं.

"ॲक्टिंग म्हणजे प्रभारीच ना?" गणपतरावांनी विचारलं. तिचे वडील भंडाऱ्याहून महिनाभरासाठी आले होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत ते नऊ वर्षं प्रभारी मुख्याध्यापक होते, आणि प्रभारी असतानाच निवृत्त झाले. शाळेच्या नामफलकावर त्यांच्या आधीच्यांचं नाव आहे, नंतरच्यांचंही आहे. मधली नऊ वर्षं जणू उगवलीच नव्हती. "राबायचं आपण, नाव लागायचं दुसऱ्याचं. नाही म्हणून कळव, अंजू."

"बघते," ती म्हणाली. ते काम तिला मनापासून हवं होतं. पण वडिलांच्या त्या नऊ वर्षांवर पाय देऊन जायला मन धजत नव्हतं.

चष्मा सावरत ते तिच्या संगणकाच्या पडद्यावर वाकले. "इथं आठ महिने गव्हर्नरच नाही? साहेब लोक खुर्ची रिकामी ठेवतील होय?"

"तापानं खंगले की ते रजेवर विलायतेला जायचे, बाबा. मग हाताखालचा सचिव कारभार बघायचा. असे प्रभारी मी गाळलेत. यादी उगाच लांबते."

"गाळलेस? तूसुद्धा?"

अंजली ओशाळली. तिनं त्या आठ महिन्यांतलं राजपत्र उघडलं. एक अख्खं गाव उठवण्याचा हुकूम होता. खाली त्या सचिवाची ऐटदार, वळणदार सही.

"मग गाव कुणी उठवलं? रजेवरच्या माणसानं?" गणपतरावांचा आवाज वर्गातला झाला. "नाव घाल त्याचं. मान द्यायला नव्हे. जाब विचारायचा तर समोर माणूस लागतो."

ती एकेक नाव भरू लागली. चौथ्या नावापाशी तिची बोटं थांबली.

"बाबा, माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर सही कुणाची आहे?"

"माझीच की. प्रभारी म्हणून."

"त्याच दाखल्यावर मला कॉलेजात प्रवेश मिळाला, पासपोर्ट मिळाला. पक्क्या मुख्याध्यापकाची सही आणा, असं कुणी म्हटलं नाही."

गणपतराव उठून खिडकीपाशी गेले. खालून एलआरटीचे, त्या छोट्या मेट्रोचे, दोन डबे वळण घेऊन गेले.

"सहाशेच्या वर दाखले दिले असतील मी," ते सावकाश म्हणाले, जणू स्वतःलाच प्रथम सांगत होते. "एकही परत आला नाही."

"मग काय कळवू?"

"हो म्हण. पण ऐक, प्रत्येक ऑफिसात एक माणूस असतो, ज्याचं कुणी ऐकूनच घेत नाही. पहिल्या दिवशी आधी त्याच्याकडे जा."

"आमच्याकडे शिरीष आहे," अंजली हसून म्हणाली, आणि उत्तर लिहायला बसली.