पुढच्या पानातली ओळ

वाचनालयातून एक जाडजूड कादंबरी आणायची आणि दोघांनी ती आपापल्या वेळी वाचायची, ही कारंजा गावातल्या पंजाबराव आणि सोनीबाई या नवरा-बायकोची रीत. बाजार समितीतली मापाऱ्याची नोकरी संपल्यापासून पंजाबराव सकाळी अंगणात खुर्ची टाकून वाचत. सोनीबाई वाचत दुपारी, भांडी आवरली की. मग चहा, आणि चहासोबत प्रत्येकानं त्या दिवशी आवडलेली एकेक ओळ म्हणून दाखवायची.

या खेपेची कादंबरी तात्या नावाच्या म्हाताऱ्या नावाड्याची होती. पंजाबराव त्याच्यावर फिदा होते. “तात्या नदीला आई म्हणत नसे, शेजारीण म्हणे, आईशी रोज भांडता येत नाही,” ही ओळ त्यांनी वाचून दाखवली आणि स्वतःच मांडीवर थाप मारून हसले.

सोनीबाईंचं वाचन झपाट्याचं. त्या केव्हाच पुढे निघून गेल्या होत्या. चहा ओतता ओतता त्यांनी बेसावधपणे आपली ओळ म्हटली, “तात्या गेल्यावर पहिल्यांदाच होडी वेळेवर सुटली, आणि ते कुणालाच आवडलं नाही.”

पंजाबरावांची बशी ओठाशीच थांबली. “गेल्यावर म्हंजे? कुठी गेला तात्या?”

सोनीबाईंनी जीभ चावली. “गावाले गेला असन.”

“खोटं नको बोलू. मेला ना थो?”

सोनीबाई उगाच साखरेचा डबा शोधू लागल्या.

“मी अजून अर्ध्यात आहो! कायले सांगतलं तू?” म्हणत ते उठले आणि तडक बाहेर चालते झाले.

दुसऱ्या दिवशी पुस्तक त्यांनी हातात घेतलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सोनीबाईंनी मुद्दाम पाटवड्या केल्या. पंजाबरावांनी त्या निमूट खाल्ल्या, पण बोलणं नाही. शेवटी सोनीबाईंनीच विचारलं, “वाचत काहून नाई तुमी?”

“वाचलं तं मरते ना थो.”

सोनीबाईंना आधी हसूच आलं. मग नवऱ्याचा चेहरा पाहून जीव गलबलला.

“मंग संगच वाचू आपण. तुमी मोठ्यानं वाचा. त्या पानावर मी बाजूले असन.”

तेव्हापासून दोघं अंगणात बसू लागले. पंजाबराव मुद्दाम सावकाश वाचत, एखादा परिच्छेद दोनदाही. पण पान यायचं ते आलंच. तात्या खाटेवर पडलेला, भोवती सगळा गाव गोळा झालेला. म्हाताऱ्यानं डोळे उघडले आणि म्हणाला, “एवढे एकदम चढू नका रे, होडी बुडेल. निम्मे दुसऱ्या फेरीला या.”

पंजाबराव थबकले आणि खो खो हसत सुटले.

“हे कुठी होतं?” सोनीबाई चकित. “मले तं दिसलंच नाई!”

“रडत असशीन तू.”

खरंच होतं ते. डोळे भरून आल्यामुळे त्यांनी ते पान कसंबसं ओलांडलं होतं. आता त्याही पदर तोंडाला लावून हसल्या. ओळ पुन्हा वाचायला लावली, पुन्हा हसल्या.

पान संपता संपता तात्या गेला.

“बरा गेला,” पंजाबराव म्हणाले आणि त्यांनी पुस्तक सोनीबाईंकडे सरकवलं. “आता तू वाच. माहा आवाज नाई निघून राह्यला.”

सोनीबाईंनी पुढचं पान उलटलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, “तात्या गेल्यावर पहिल्यांदाच होडी वेळेवर सुटली...”