एकाच माणसापुरती जागा

वाचनालयाच्या सगळ्या शाखांमध्ये मिळून तिला नावानं हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. कुलूपबाई म्हटलं की भागायचं. आणि ते नाव तिनं कमावलेलं होतं. महिन्यातून एकदा, सुट्टीच्या दिवशी भर दुपारी, ती वाचनालयाच्या डेटाबेसला कुलूप घालायची. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात आहे, कोणी घरी नेलंय, कोण परत द्यायला टाळाटाळ करतंय, ही सगळी खबर त्या एका डेटाबेसच्या पोटात. त्याची साफसफाई चालू असताना आत कोणी असून चालत नाही. लादी पुसताना घरातल्यांनी नुसते पाय वर घेऊन भागत नाही, उठून बाहेर जावं लागतं, तसंच. ती सगळ्यांची कनेक्शनं तोडायची, आत एकाच माणसापुरती जागा ठेवायची, तिथं स्वतः बसायची आणि पाचच्या आत झाडूनपुसून दार उघडायची. सुट्टीच्या दिवशी वाचनालय वाचकांसाठी पाचलाच उघडायचं, त्यामुळे आजवर कोणाचं काही अडलं नव्हतं.

या वेळी अडलं, आणि त्याला कारण अबोला.

तिचा नवरा त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर सूचीकार होता. नवीन पुस्तक आलं की त्याचं नाव, विषय, क्रमांक अशी नोंद करून ती डेटाबेसमध्ये चढवायची, हे त्याचं काम. माणूस गुणी, पण जिभेला घाई फार. आठवड्यापूर्वी ग्रंथपालांनी त्याला जिन्यात गाठलं. "मुख्यालयात सहा महिने माणूस हवाय, सगळ्या गावांचे डेटाबेस एकत्र करायला. बाईंना पाठवावं म्हणतो. काय वाटतं तुम्हाला?"

शहाण्या माणसानं इथं 'तिलाच विचारा' एवढ्यावर काम भागवावं. यानं सढळ हातानं खर्च केला. "छे हो, ती कसली जातेय! परक्या गावात एकटीला नाही करमायचं तिला."

ग्रंथपाल 'बरं' म्हणून वर गेले. जिन्याखालच्या खोलीत पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडर काकू खळ लावत होत्या. त्यांच्या कानावरून ते वाक्य गेलं आणि संध्याकाळच्या आत कुलूपबाईच्या टेबलावर पोचलं.

आता एकटं कोणाला करमत नाही, हे त्या घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. ती दोन दिवस माहेरी गेली तर हा गृहस्थ चहाची पूड कुठं आहे हे विचारायला फोन करायचा, तेही डबा हातात धरून. तेव्हा त्याच्या बोलण्यात तथ्य किती, हा वादच नव्हता. राग होता तो तिच्या वतीनं उत्तर देऊन मोकळं झाल्याचा. जायचं की नाही हे तिचं तिनंही अजून ठरवलं नव्हतं, आणि यानं परस्पर निकाल लावून टाकला होता.

ती एका शब्दानं भांडली नाही. बोलणंच बंद केलं. त्यानंही मग ताठ मान करून बंद केलं. अबोल्याचा हिशेब उघड असतो: जो आधी तोंड उघडेल त्याच्या खात्यात सगळी चूक जमा. त्यामुळे दोघंही कमालीच्या काटकसरीनं राहू लागले. फटका बसला सासूबाईंना.

"आई, त्यांना सांगा, दिवा घालवा."

"आई, तिला विचार, माझा चष्मा पाहिलास का म्हणावं."

"मी काय टेलिफोन एक्सचेंज आहे का रे?" सासूबाई कावल्या. "झोपता एका गादीवर, आणि निरोप माझ्या खोलीतून फिरून जातात! चष्मा तुझ्या डोक्यावर आहे. हे मी माझ्या मनानं सांगतेय, तिचा निरोप नाही."

असे आठ दिवस गेले आणि दुरुस्तीची दुपार आली. कुलूपबाईनं नेहमीप्रमाणे सगळ्या शाखांना सूचना धाडली होती, वर एकेकाला फोनही केला. "बाहेर पडा हं आता. चहाबिहा घ्या तोवर." लोक तिला कडक समजायचे, पण न सांगता तिनं कधी कोणाला हाकललं नव्हतं. फक्त एका माणसाला फोन गेला नाही. त्याला सूचना गेली होती, पण तो सूचना वाचायचा नाही. त्याला गरजच नव्हती, कारण दुरुस्तीच्या दिवशी सकाळी कपात चहा ओतताना ती म्हणायची, "अहो, दुपारी बंद करा हं तुमचं." आज चहा ओतला गेला, वाक्य ओतलं गेलं नाही.

आणि 'तुमचं' ही साधी गोष्ट नव्हती.

लग्नाआधीची हकिकत. खालच्या मजल्यावरची लाइन तेव्हा सारखी तुटायची. नोंद अर्धी लिहून व्हायची आणि कनेक्शन जायचं, नोंदही जायची. मग हा जिना चढून तिच्या टेबलापाशी यायचा आणि उतरल्या चेहऱ्यानं एकच शब्द बोलायचा, "गेलं." तो चेहरा तिला बघवेना. तिनं त्याच्या मशीनवर गुपचूप एक छोटा प्रोग्राम लिहून टाकला. कनेक्शन तुटलं तर अर्धी नोंद पोटाशी धरायची आणि आत घेईपर्यंत दार ठोठावत राहायचं. तिनं हे कोणालाच सांगितलं नाही. त्याला वाटलं लाइन सुधारली. तरी जिना चढून यायचं काही थांबलं नाही. फक्त आता येण्याला कारण नसायचं, आणि पुढचं सगळं वाचनालयाला माहीत आहे.

तर त्या दुपारी तिनं सगळ्यांची कनेक्शनं तोडली, डेटाबेस एकाच माणसापुरता केला आणि आत बसली. मग पडद्यावर दुरुस्तीची खिडकी उघडायला पहिली खिडकी मिटली. नेहमीचीच रीत. एका श्वासाचं काम. पण तेवढ्यात जागा रिकामी झाली, आणि खाली कोणीतरी दार ठोठावतच उभं होतं.

ती परत आत शिरायला गेली तर पडद्यावर ओळ आली: आत एक जण आहे, दुसऱ्याला प्रवेश नाही.

कोण आहे ते पाहिलं आणि तिनं कपाळावर हात मारला.

तिनं त्याचं कनेक्शन तोडलं. तोडायची सोय तिच्याकडे होती. पण ती आत पाऊल टाकेपर्यंत तो परत जागेवर. पुन्हा तोडलं, पुन्हा तो हजर. तिच्या बोटांपेक्षा तिचा प्रोग्राम चलाख निघाला. इतक्या वर्षांपूर्वी मन लावून लिहिला होता, त्यात खोट काढायला जागा नव्हती.

एवढ्यात बाइंडर काकू वर डोकावल्या. दुपारी इमारत शांत असते म्हणून त्या सुट्टीलाही येऊन पुठ्ठे बांधत बसायच्या.

"काकू, खाली जाऊन त्यांना सांगा ना, मशीन बंद करा म्हणावं."

काकू गेल्या आणि आल्या. "तो विचारतोय, कोणी सांगितलं?"

"मी सांगितलं म्हणावं."

काकू गेल्या. या वेळी येताना दम लागला होता. "तो म्हणतो, तिनं सांगितलं असेल तर तिनंच सांगावं. तिच्या वतीनं दुसऱ्या कोणी बोललेलं तिला चालत नाही, असं ऐकून आहे म्हणतो."

"असं म्हणाला?"

"हसत नव्हता हं, पण हसल्यासारखा. आणि हे बघ, माझे गुडघे सरकारी नाहीत. आता तुमचं तुम्ही बघा."

कुलूपबाईचा पारा चढला. आणखी एक उपाय तिच्याकडे होता. त्याच्या लॉगिनवरच बंदी घालायची. एका ओळीचं काम. तिनं ती ओळ लिहिलीही. नवऱ्याचं नाव त्या ओळीत बसलेलं तिनं पाहिलं. पण सगळ्या गावाला घटकाभर बाहेर थांबा म्हणणं वेगळं आणि एकाच माणसाला नाव घेऊन 'तू नको' म्हणणं वेगळं. शिवाय तिचा प्रोग्राम मानी होता. दार बंद असेल तर जन्मभर ठोठावेल, पण नाव घेऊन नाकारलं की हार मानून निघून जाईल, आणि पोटाशी धरलेली अर्धी नोंद टाकून देईल. तसं तिनंच लिहिलं होतं. 'गेलं' म्हणणारा तो चेहरा तिला आठवला आणि तिनं ती ओळ शेवटापासून सुरुवातीपर्यंत सगळी खोडली.

फोन वाजला. ग्रंथपाल.

"बाई, अजून सुरू नाही झालं? पाचला शाखा उघडतात. पुस्तकं हातानं लिहून द्यायची का?"

"होईल, साहेब."

"आणि ते मुख्यालयाचं. आज संध्याकाळी नाव कळवायचंय. तुमचं नाही म्हणून सूचीकार बोललेच होते, तेव्हा मी दुसऱ्या कोणाचं…"

"थांबा," ती म्हणाली. "माझं पाचला मी सांगते."

दुरुस्तीला दोन तास लागायचे आणि हातात फार तर तेवढेच उरले होते. तिनं चपला घातल्या.

खाली तो पुस्तकांच्या चळतीमागे पाठमोरा बसला होता. चपलांचा आवाज ओळखून त्यानं मान आणखी खाली घातली. ती दारात थांबली. आठ दिवसांची बचत एका शब्दात उडवायची, जिवावर आलं खरं.

"अहो."

तो इतक्या घाईनं वळला की अर्धी चळत खाली आली. "काय गं?"

त्या 'काय गं'मध्ये एवढा आनंद होता की तिला रागाचा धागा पुन्हा शोधावा लागला. "बंद करा ते तुमचं. माझ्या जागेवर बसलायत तुम्ही."

"मी? मी तर माझ्याच खुर्चीत आहे."

"खुर्ची नाही हो. आत एकाच माणसापुरती जागा असते आणि ती तुमच्या मशीननं धरलीय. हाकललं की परत येतं. मीच तसं लिहिलंय ना ते."

"कधी?"

"लग्नाआधी. तुम्ही सारखे 'गेलं, गेलं' करत वर यायचात तेव्हा."

तो बघतच राहिला. "म्हणजे लाइन नव्हती सुधारली?"

"लाइन अजून तशीच आहे."

त्यानं एकदा मशीनकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग त्याच्या डोळ्यांत खट्याळपणा आला. "म्हणजे मला न विचारता, माझ्या वतीनं…"

"खबरदार! दोन्ही एका मापानं मोजाल तर."

"मोजत नाही. फक्त नोंद करून ठेवतो."

"नोंदी करतानाच जन्म चाललाय तुमचा. आता खरं सांगा, ग्रंथपालांना तसं का बोललात?"

त्यानं चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला. "ती गेली तर मला करमणार नाही, असं जिन्यात उभं राहून साहेबांना कसं सांगू? म्हणून तुझ्यावर ढकललं."

"अगं बाई!" जिन्यातून काकूंचा आवाज आला. त्या आपल्या कामाला गेल्या असाव्यात, असा दोघांचा समज होता.

"हे मला सांगायचं होतं," ती म्हणाली.

"तू बोलत कुठं होतीस?"

"त्याच्या आधी!"

"आधी नाही सुचलं." त्यानं चष्मा पुन्हा लावला. "चुकलंच ते. आता विचारतो. जायचंय तुला?"

"जायचंय," ती म्हणाली. इतकं पटकन की तिचं तिलाच नवल वाटलं. आठ दिवस विचारणारं कोणी नव्हतं, म्हणून उत्तरही वर आलं नव्हतं.

तो पडलेली पुस्तकं उचलून एकावर एक रचू लागला. दोन उलटी लावली.

"सहा महिने," तो म्हणाला.

"सहा महिनेच. कायमचं नाही."

"नाही, नाही. कायमचं कुठं म्हणतोय मी." तो पडद्याकडे वळला, इकडेतिकडे बघितलं. "हे बंद कुठून करतात?"

इतकी वर्षं दर महिन्याला सांगून बंद करायला लावलं, तर हा बटण दाबून अख्खं मशीनच बंद करत होता, हे तिला आज कळलं. तिनं त्याच्या खांद्यावरून वाकून दाखवलं. "हे इथं."

त्यानं बोट ठेवलं आणि थांबला. "नोंद अर्धी आहे गं. जाईल का?"

"नाही जायची. धरून ठेवतं ते."

त्यानं बंद केलं. ती पायऱ्या गाळत वर गेली, आत शिरली, जागा धरली, आणि मग पाणी प्यायलाही उठली नाही.

पाचला काही क्षण कमी असताना तिनं सगळ्यांना दार मोकळं केलं. शाखा एकेक करून आत येऊ लागल्या, पण सगळ्यांच्या आधी, त्यानं नुकतंच पुन्हा चालू केलेलं खालचं मशीन येऊन बसलेलं होतं, अर्धी नोंद पोटाशी घेऊन. तिनं ग्रंथपालांना फोन लावला. "झालं, साहेब. आणि माझं नाव कळवा. मी जातेय."

"पण सूचीकार तर म्हणाले होते…"

"त्यांना करमणार नाही असं म्हणायचं होतं त्यांना. घाईत सर्वनाम चुकलं."

फोन ठेवते तो दारात नवरा, दोन्ही हातांत कप.

"साखर घालू का?" त्यानं विचारलं.

"आजवर कधी विचारलंत?"

"आता विचारत जाणार. किती घालू? ढवळू का? इथं ठेवू की तिथं?"

"सहा महिने असंच चालणार असेल तर मी उद्याच निघते."

तो कप ठेवून समोरच्या स्टुलावर बसला. या स्टुलावर तो पूर्वी कारण नसताना येऊन बसायचा. बराच वेळ फुंकर मारून चहा गार करत राहिला. मग म्हणाला, "आईला सांगायला हवं. खूश होईल, पण आधी रडेल. तू सांगतेस का?"

ती हसली. आठ दिवसांत पहिल्यांदाच.

"तुम्हीच सांगा," ती म्हणाली. "माझ्या वतीनं."