उलट्या चुण्या

“सरळ उभा राहा रे, डंकन. पोट आत घे!” मालिनीनं किल्टचं जाड चौकड्यांचं लोकरी कापड नवऱ्याच्या कमरेभोवती गुंडाळलं आणि मुद्दाम चुण्या पुढे आणल्या.

दारात उभ्या लेकीनं, उत्तरानं, ते पाहिलं. “आई, नको ना यार! टेस्ट कसली घेतेस डॅडची?”

“टेस्ट नाही गं, थट्टा. दरवर्षीची.”

दरवर्षीची, हे खरं; पण आज टेस्ट नाही, हे साफ खोटं. लग्नानंतरच्या पहिल्या स्कॉटिश मेळ्याला मालिनीनं त्याला किल्ट नेसवला तो आपल्या साडीच्या हिशेबानं, चुण्या पोटावर! डंकन हसून हसून खुर्चीत कोसळला. किल्टला पुढे सपाट पदर नि चुण्या मागे, हे तिला त्या दिवशी कळलं आणि त्याला एक मराठी शब्द मिळाला. तेव्हापासून दर मेळ्याच्या सकाळी ती मुद्दाम चुकायची आणि तो ओरडायचा, “मालू, उलटं!” अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या त्या घरात एवढंच मराठी त्याला आलं, पण आलं ते खणखणीत.

आता त्याची स्मरणशक्ती पार विरत चालली होती. सोमवारी त्याला केअर होममध्ये न्यायचं ठरलं होतं. “उद्या त्यानं ‘उलटं’ म्हटलं ना, तर मी त्याला कुठ्ठेही पाठवणार नाही,” मालिनीनं काल लेकीला बजावलं होतं.

बक्कल लावून ती मागे सरली. “बघ, कसं दिसतंय?”

डंकननं चुण्यांवरून हात फिरवला. मालिनीचा सगळा जीव कानांत गोळा झाला.

“छान,” तो इंग्रजीत म्हणाला. “थँक यू, मॅम.”

“आय अ‍ॅम सो सॉरी, आई,” उत्तरा पुटपुटली.

मालिनी खाली बसून बक्कल सोडू लागली. तेवढ्यात त्याची नजर तिच्या साडीच्या निऱ्यांवर गेली आणि चेहरा एकदम खुलला.

“उलटं!”

मालिनी ताडकन उठली. “काय? काय म्हणालास? पुन्हा म्हण ना रे!”

“तुमचं उलटं झालंय, मॅम.” बाकीचं इंग्रजीतच, आणि तिला वाईट वाटू नये म्हणून तो अगदी हळू बोलत होता. “लाजू नका. माझ्या बायकोचंही दरवर्षी असंच होतं.” मग तिचे हात हलकेच बाजूला करत म्हणाला, “राहू द्या हे. मालू येईलच. तीच नेसवते मला.”

मालिनीनं तरीही किल्ट फिरवला, चुण्या मागे नेल्या, बक्कल घट्ट लावलं. डंकन दाराकडे बघत राहिला.

“सोमवारी किती वाजता निघायचंय गं?” तिनं लेकीला विचारलं.