क्लाइव्ह अजून उभाच

न्यूकॅसलच्या अरीनात एक अलिखित नियम होता. पेलिकन्स या घरच्या बास्केटबॉल संघाचा पहिला बास्केट पडेपर्यंत कुणी बूड टेकायचं नाही. गुडघे दुखोत की कंबर, सगळ्यांनी उभं राहून टाळ्या पिटायच्या.

क्लाइव्ह असाच टाळ्या पिटत उभ्या उभ्या गेला. एकही बास्केट पडला नव्हता. सामना तिथेच रद्द झाला, तो पुन्हा कुणी खेळलाच नाही.

तेव्हापासून त्याची खुर्ची खाली होईना. उठलं की आपोआप वर मिटणाऱ्या त्या खुर्च्या, पण ही दाबूनही उघडेना. दुरुस्तीवाल्याने तेल घातलं, गुडघा लावला, शेवटी शिव्या घातल्या.

शेजारच्या खुर्चीवर बसणारी त्याची बायको नोरीन मनात म्हणायची, खुर्चीला काही झालेलं नाही, हाच बसायला तयार नाही. जन्मभराचा हट्टी, मेल्यावर कुठला सुधारतोय! एरवी किती प्रेमळ. तिच्या आधी आत धावायचा आणि ती येईपर्यंत तिची खुर्ची हाताने दाबून धरायचा. त्याचे सुजलेले गुडघे आठवले की तिचा जीव तुटायचा.

आज रविवारी दुपारी तिथला शेवटचा सामना झाला. उद्यापासून अरीना पाडायला घेणार होते. छत गेल्यावर हा बिचारा उभा राहणार तरी कुठे?

सामना संपल्यावर घोषणा झाली, ज्याला हौस असेल त्याने मैदानात उतरून एकेक बॉल टाकावा. नोरीन उठलीच.

"आई, अगं खांदा निखळेल!" मुलगी ट्रूडी मागे धावली.

"निखळू दे. त्या दिवशीचा बास्केट अजून बाकी आहे. तुझ्या बापाला बसवायचंय मला."

पहिला बॉल रिंगपर्यंत पोचलाही नाही.

"आजी, रिंग वर आहे, माझ्या बुटात नाही," एक ताडमाड खेळाडू हसला.

"दात काढू नकोस. दुसरा दे."

तिने बॉल दोन्ही हातांनी गुडघ्यांमधून वर भिरकावला. क्लाइव्ह या पद्धतीला बादली रिकामी करणं म्हणायचा. बॉल रिंगवर घुटमळला आणि आत पडला.

वर रिकाम्या रांगांमध्ये खाडकन आवाज झाला.

मिटलेल्या खुर्च्यांच्या ओळीत एकच उघडलेली दिसत होती. नोरीनला रडू फुटलं. "बस रे बाबा," ती म्हणाली, "बस आता."

इतक्यात पुन्हा खाडकन झालं. वर तर चिटपाखरू नव्हतं.

ट्रूडीने तिचा दंड घट्ट धरला. "आई... तुझी खुर्ची का उघडली?"

नोरीनने डोळे पुसले.

"जागा धरून ठेवलीय," ती म्हणाली.