चिमणीचं वजन

जिम्नॅस्टिक्सच्या हॉलमध्ये सगळे तिला चिमणी म्हणत. लहानपणी प्रशिक्षक तिला रोज काट्यावर उभं करत. काटा जरा वर सरकला की आई तिच्या ताटातलं अर्धं काढून घेई. पोरीनं पदकं आणली, पण वयात येऊनही पाळी वर्षानुवर्षं आलीच नाही. "बरंय, तेवढीच कटकट कमी," आई म्हणायची.

आता चिमणी स्वतःच मुलींना शिकवत होती. लग्नाला बरीच वर्षं झाली, तरी कूस रिकामीच होती. नवऱ्याच्या तपासण्यांत काही निघालं नाही. डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या, "आधी पोटभर जेवा. अंगावर थोडं मांस चढू द्या."

नवरा बस चालवायचा. ड्युटीवर जाण्याआधी तो तिचा डबा भरून ठेवी. घास तोंडात फिरायचा, तरी ती नेटानं गिळायची. वजन वाढलं, पाळी सुरू झाली. नवरा तर बाळाची नावंही शोधायला लागला. पण दिवस काही राहिले नाहीत.

"अजून काय खाऊ, सांगा," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली.

"तुम्ही काहीच कमी केलं नाहीत. खाण्याचा परिणाम होतो, पण तेवढं एकच कारण नसतं. त्या उपाशी वर्षांनी किती बिघडवलं, हे छातीठोकपणे कुणीच सांगू शकणार नाही. आणि आता वयामुळे फार वेळही हातात नाही."

आईला तिनं एकदाच जाब विचारला. भाजी निवडता निवडता आईचे हात थांबले. "तेव्हा कुणाला काय ठाऊक होतं, बाळा? तू जिंकायचीस, आम्ही हुरळून जायचो." चिमणीला कडाकडा भांडायचं होतं. म्हातारीचा उतरलेला चेहरा पाहून तिनं उरलेली भाजी स्वतःपुढे ओढली.

त्याच आठवड्यात वर्गातली सगळ्यात चपळ मुलगी चक्कर येऊन पडली. सकाळपासून तिच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. चिमणीनं आपला डबा तिच्यापुढे उघडला आणि तो संपेपर्यंत शेजारी बसून राहिली.

न्यायला आलेली मुलीची आई भडकली. "स्पर्धा तोंडावर आलीय, मॅडम, आणि तुम्ही तिला चारताय?"

चिमणीनं लाज बाजूला ठेवून तिला सगळं सांगितलं, पाळीपासून दवाखान्यापर्यंत. बाईनं ऐकून घेतलं.

"वाईट वाटतं हो तुमचं," ती म्हणाली. "पण स्वतःला पोर नाही म्हणून माझ्या पोरीत जीव अडकवू नका."

दुसऱ्या दिवसापासून ती मुलगी पलीकडच्या चौकातल्या क्लासला जाऊ लागली.

"ती का येत नाही?" बाकीच्या पोरींनी विचारलं.

"दुसरीकडे जाते," चिमणी म्हणाली आणि त्यांना रांगेत उभं करू लागली.